एकाच पंगतीची भाकर

१९५४ सालचा १ मार्च हा दिवस फ्रान्समधील सुमारे शंभर माणसांना फार कठीण गेला. ही माणसे दिवसा कारखान्यात, गोदीत, धरणाच्या बोगद्यात घाम गाळीत आणि रात्री भाड्याच्या खोलीत, ज्या टेबलावर जेवायचे त्याच टेबलावर, मिस्सा करीत. ती कॅथलिक धर्मगुरू होती आणि त्याचबरोबर रोजंदारीवरचे कामगारही होती. त्या दिवसापर्यंत पूर्ण वेळाचे काम सोडावे, युनियनशी संबंध तोडावा, असा त्यांना वरिष्ठांचा आदेश होता. ज्यांच्यासाठी आपण घरदार सोडले त्या सोबत्यांना सोडावयाचे, की ज्याच्या नावाने ते सोडले त्याची वेदी सोडावयाची, असा तो पेच होता. इतिहासात या लोकांना ‘कामगार-धर्मगुरू’ असे नाव पडले आहे. त्यांची हकीकत आम्ही येथे मांडणार आहोत. आम्ही ख्रिस्ती नाही आणि धर्मशास्त्राचे पंडित तर नाहीच नाही. परंतु त्याग, सेवा, समर्पण हे शब्द आमच्या कामगार चळवळीतही रोज कानावर पडतात. त्या शब्दांची इतकी कठोर परीक्षा झाल्याचे दुसरे उदाहरण आमच्या वाचनात नाही.

प्रथम त्या हाकेविषयी. कॅथलिक परंपरेत प्रीती ही मनातील ऊब नव्हे. ती देण्याची क्रिया आहे. देव स्वतः खाली उतरला, सुताराच्या घरी वाढला आणि शेवटी क्रूसावर गेला, ही त्या श्रद्धेच्या मध्यभागी असलेली गोष्ट. म्हणून त्या वाटेने जाणाऱ्याला आपल्याजवळचे काही देऊन भागत नाही, स्वतःलाच द्यावे लागते. अशी हाक एखाद्याला ऐकू येते, तिला मराठी ख्रिस्ती समाजात ‘पाचारण’ असा सुंदर शब्द आहे. पाचारण आले की माणसाने उत्तर द्यावयाचे. मात्र उत्तर कोणत्या रीतीने द्यावयाचे, हे प्रत्येक काळाला नव्याने शोधावे लागते. फ्रान्समधील या धर्मगुरूंच्या उत्तराचे मूळ शोधू गेल्यास आपण एका फार तरुण स्त्रीपाशी जाऊन पोहोचतो.

लिझ्यू नावाच्या गावी कार्मेलाईट जोगिणींचा मठ आहे. तेथे १८८८ साली पंधरा वर्षांची एक मुलगी दाखल झाली. तिचे नाव तेरेज. क्षयाने १८९७ साली, चोविसाव्या वर्षी, ती वारली. मठात गेल्यावर तिने मोठे म्हणता येईल असे कोणतेही कार्य केले नाही. भांडी, धुणे, प्रार्थना आणि आजार यांत तिचे दिवस गेले. त्या काळच्या फ्रान्समध्ये काही भाविक लोक देवाच्या न्यायापुढे स्वतःला बळी म्हणून अर्पण करीत. पाप्यांच्या वाट्याची शिक्षा आपल्याला मिळावी, असा त्यात भाव असे. तेरेजने ९ जून १८९५ रोजी आपले समर्पण केले, ते देवाच्या न्यायाला नव्हे, त्याच्या दयाळू प्रेमाला. फरक वरवर बारीक दिसतो, पण तो सगळ्या विचाराची दिशा बदलणारा आहे. न्यायाला वाहिलेला बळी दुःख मोजीत बसतो. प्रेमाला वाहिलेल्या माणसाचे लक्ष समोरच्याकडे असते.

आयुष्याच्या शेवटच्या दीड वर्षात तिच्या मनावर काळोख पसरला. स्वर्ग आहे की नाही, याचाच संशय तिला घेरू लागला. आत्मचरित्रात तिने या अवस्थेविषयी जे लिहिले आहे, त्याचा आशय असा: श्रद्धा नसलेल्या लोकांच्या जेवणाच्या टेबलाशी आपल्याला बसविले आहे, तर देवाची इच्छा असेपर्यंत आपण येथून उठणार नाही, त्यांचीच दुःखाची भाकर खाऊ. आम्हा मराठी माणसांना यातले मर्म समजावून सांगण्याची गरज नाही. कोण कोणाच्या पंगतीला बसतो, यावर आमच्याकडे माणसाची किंमत ठरत आली. पंगतीत वाढणारा कितीही उदार असला तरी तो उभा असतो आणि जेवणारा बसलेला असतो. वाढणाऱ्याने ताटावर बसून तीच भाकर मोडली की नाते बदलते. या तरुण जोगिणीने मठाच्या भिंतीआड, केवळ मनाने, ही जागा बदलली. पुढे पन्नास वर्षांनी काही पुरुषांनी ती देहाने बदलली.

त्यांना ती बदलावीशी का वाटली, हे कळण्यासाठी फ्रान्समधील कामगार आणि चर्च यांच्यातील दरी पाहिली पाहिजे. पॅरिसभोवती कारखान्यांच्या वस्त्या वाढल्या, तसा त्या वस्त्यांतला माणूस देवळापासून दूर गेला. १८७१ च्या पॅरिस कम्यूनमध्ये पॅरिसचे आर्चबिशप दार्बोआ यांना गोळ्या घालण्यात आल्या आणि त्याच सुमारास हजारो कम्यूनवाले सरकारी सैन्याकडून मारले गेले. दोन्ही बाजूंनी ते रक्त विसरले नाही. कामगाराला धर्मगुरू मालकाच्या जेवणाच्या टेबलाशी दिसे. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली कामगारांच्या प्रश्नावर आपले प्रसिद्ध परिपत्र काढले, रास्त मजुरीचा आणि संघटनेचा हक्क मान्य केला. परंतु परिपत्र कागदावर असते आणि मुकादम दारात असतो. ही दरी लेखाने भरून निघणारी नव्हती.

१९४३ साली आंरी गोदँ आणि ईव्हाँ दान्येल या दोन धर्मगुरूंनी एक छोटे पुस्तक लिहिले. फ्रान्स हा देशच आता धर्मप्रसाराचे क्षेत्र झाला आहे काय, असा प्रश्न त्याच्या नावातच होता. गोदँ हे तरुण ख्रिस्ती कामगारांच्या संघटनेत काम करीत असत. त्यांचे म्हणणे असे, की एखादा कामगार श्रद्धेकडे वळला तरी आपल्या चर्चमध्ये त्याला परके वाटते. तेथील बोलणे, कपडे, रीतिरिवाज, सगळे मध्यमवर्गाचे. म्हणजे देवाकडे यावयाचे तर त्याने आधी आपली जात सोडून आले पाहिजे! पॅरिसचे आर्चबिशप कार्डिनल स्यूआर यांनी हे लिखाण हस्तलिखितातच वाचले आणि ते अस्वस्थ झाले. त्याच वर्षी त्यांनी ‘पॅरिस मिशन’ स्थापन केले. त्याआधी, १९४१ साली, ‘फ्रान्स मिशन’ निघाले होते आणि त्याचे धर्मशिक्षणालय १९४२ साली उघडले ते लिझ्यू येथेच, तेरेजच्या गावी. गोदँ यांना मात्र पुढचे काही पाहावयास मिळाले नाही. १९४४ च्या जानेवारीत, मिशनच्या कामाला आरंभ होत असतानाच, रात्री खोलीतल्या शेगडीच्या धुराने गुदमरून ते वारले.

याच काळात दुसरीकडून या प्रयोगाला युद्धाने धक्का दिला. फेब्रुवारी १९४३ च्या कायद्याने फ्रेंच तरुणांना सक्तीने जर्मनीतील कारखान्यांत धाडण्यात येऊ लागले. त्यांच्याबरोबर धर्मगुरू पाठविण्यास जर्मनांनी परवानगी नाकारली. तेव्हा सुमारे पंचवीस धर्मगुरू ओळख लपवून, साधे कामगार म्हणून, तेथे गेले. आंरी पेरँ हे येशूसंघाचे तरुण धर्मगुरू त्यांपैकीच. ते पकडले गेले, तुरुंगात राहिले, परत आले आणि त्यांनी आपली रोजनिशी प्रसिद्ध केली. येशूसंघाचेच व्हिक्टर दिलार वीजतंत्री म्हणून गेले होते. ते १९४५ च्या जानेवारीत दाखाऊच्या छळछावणीत मरण पावले. या माणसांना एक गोष्ट उमगली. अंगावर झगा नसताना, हातात हत्यार असताना आणि पोटात तीच पातळ आमटी असताना माणसे आपल्याशी वेगळे बोलतात, खरे बोलतात.

मार्सेयच्या बंदरात झाक लोव नावाचे डोमिनिकन धर्मगुरू १९४१ पासूनच गोदी कामगार झाले होते. पूर्वी ते वकील होते. कामगारवस्तीची पाहणी करण्यासाठी ते आले. पण ग्रंथ चाळून ही माणसे कळणार नाहीत, असे पाहून सरळ हमालांच्या रांगेत जाऊन उभे राहिले. युद्धानंतर अशा धर्मगुरूंची संख्या वाढत जाऊन शंभराच्या आसपास पोहोचली. कोणी फिटर, कोणी लेथवर, कोणी भट्टीवर, कोणी गोदीत. बहुतेकांनी आरंभी आपण कोण ते सांगितले नाही. सकाळी भोंगा, संध्याकाळी मोडलेली पाठ आणि मग रात्री एखाद्या शेजाऱ्याचे भांडण, एखाद्याचे आजारपण, एखाद्याची घरभाड्याची नोटीस. मिशेल फाव्ह्रो हे धर्मगुरू बोर्दोच्या गोदीत काम करीत. १९५१ च्या एप्रिलमध्ये लाकडाचे ओझे अंगावर कोसळून ते ठार झाले. गोदीत असे मरण नवे नव्हते, आमच्याकडेही नाही. नवे एवढेच होते की यावेळी मेलेल्या हमालाला देवाघरची दीक्षा होती.

आतापर्यंत ही गोष्ट कोणत्याही भाविकाला आवडेल अशीच आहे. पुढे ती अवघड होते. कामगाराबरोबर राहावयाचे म्हटले की त्याच्या थकव्यात वाटेकरी होऊन भागत नाही. त्याच्या भांडणातही वाटेकरी व्हावे लागते. मजुरी कापली गेली, सोबत्याला कामावरून काढले, यंत्राने कोणाचा हात गेला, अशा वेळी शेजारी उभा असलेला माणूस ‘मी केवळ प्रार्थना करण्यासाठी आलो आहे’ असे म्हणू शकत नाही. म्हटले तर तो पुन्हा वाढणारा झाला. म्हणून हे धर्मगुरू युनियनमध्ये गेले. आणि तेव्हाच्या फ्रान्समध्ये सर्वांत बलवान युनियन म्हणजे सी. जी. टी., जिचे नेतृत्व कम्युनिस्टांकडे होते. काहींना सोबत्यांनी प्रतिनिधी म्हणून निवडून दिले. आंरी पेरँ आल्प्समधील ईझेर-आर्क जलविद्युत प्रकल्पावर बोगद्याच्या कामाला गेले आणि तेथील संपात पुढाऱ्यांपैकी एक झाले. १९५२ च्या मे महिन्यात पॅरिसमध्ये अमेरिकन सेनापती रिजवे यांच्याविरुद्ध निदर्शने झाली, त्यात दोन कामगार-धर्मगुरू पकडले गेले आणि त्यांना पोलिसांनी मारहाण केली. वर्तमानपत्रांना मोठाच विषय मिळाला. त्याच वर्षी जिल्बेर सेब्रों यांची या धर्मगुरूंवरील कादंबरी प्रसिद्ध होऊन घरोघर गेली होती.

रोमला काळजी वाटू लागली होती. ही काळजी सगळीच मालकधार्जिणी होती, असे म्हणणे अन्यायाचे होईल. कम्युनिस्ट तत्त्वज्ञानाचा प्रचार करणाऱ्यांना बहिष्कृत करण्याचा निर्णय १९४९ सालीच झाला होता. प्रार्थनेला वेळ राहत नाही, काहींनी ब्रह्मचर्य सोडून संसार मांडला, अशा तक्रारी होत्या. याशिवाय एक तात्त्विक मुद्दा होता: धर्मगुरूची दीक्षा संस्कार देण्यासाठी असते, कामगारांचे पुढारीपण करणे हे कामगारांचे स्वतःचे काम आहे. या शेवटच्या मुद्द्याकडे आम्हांस दुर्लक्ष करता येत नाही. आमच्या देशात वकील, डॉक्टर, प्राध्यापक यांनी युनियनचे पुढारीपण दीर्घकाळ केले. १९२६ च्या कायद्यानेही निम्म्यापर्यंत पदाधिकारी बाहेरचे असू शकतील, अशी सोय ठेवली होती. त्यांतील पुष्कळांचा त्याग खरा होता, हे आम्ही जवळून पाहिले आहे. परंतु ज्या युनियनला पुढारी नेहमी बाहेरून आणावा लागतो तिचे कामगार हजेरीपुरते सभासद राहतात, हेही आम्ही पाहिले आहे. तेव्हा रोमच्या आक्षेपात तथ्यांश होता. फक्त एवढेच, की हे धर्मगुरू बाहेरून येऊन खुर्चीवर बसलेले नव्हते. त्यांचे कार्ड त्याच घड्याळात टोचले जात होते.

१९५३ साली रोमचा कल स्पष्ट झाला. नोव्हेंबरात लिएनार, जेर्लिए आणि फेल्तँ हे तीन फ्रेंच कार्डिनल रोमला गेले आणि काही सवलती पदरात पाडून परतले. १९ जानेवारी १९५४ च्या पत्रान्वये बिशपांनी कामगार-धर्मगुरूंना अटी कळविल्या. अंगमेहनतीचे काम दिवसाला तीन तासांहून अधिक नको, युनियन नको, एकट्याने वस्तीत राहणे नको, धर्मगुरूंच्या समुदायात राहावे. मुदत १ मार्च. ज्याने कारखान्यात एक पाळी केली आहे त्याला सांगावयास नको, की दिवसाला तीन तास काम करणारा मनुष्य कामगारांच्या दृष्टीने पाहुणा असतो. फेब्रुवारीच्या आरंभी त्र्याहत्तर जणांनी जाहीर निवेदन काढून आपला आक्षेप नोंदविला. मग ती तारीख आली. सुमारे निम्म्यांनी आज्ञा पाळली. सुमारे निम्मे कामावर राहिले.

या दोन निम्म्यांपैकी बरोबर कोण, असा प्रश्न विचारण्याचा मोह होतो. जे कामावर राहिले त्यांची धर्मगुरुपदाची कामे बंद झाली. ज्या वेदीसाठी तारुण्य दिले तिच्यापाशी त्यांना उभे राहता येईना. त्यांतले पुष्कळजण पुढे निवृत्त होईपर्यंत कामगार आणि युनियनचे कार्यकर्ते म्हणून जगले. जे परत फिरले त्यांना शेजाऱ्यांच्या तोंडाकडे पाहणे कठीण गेले. सोबती म्हणणार, तुम्हीही शेवटी त्यांचेच. झाक लोव यांनी आज्ञा पाळली, १९५५ साली नव्याने एक कामगार मिशन उभारले आणि ते पुढे दीर्घायुषी झाले. आंरी पेरँ १९५४ च्या ऑक्टोबरात मोटारसायकलच्या अपघातात वारले. त्यांचे वय तेव्हा चाळीस होते. आम्ही पक्के युनियनवाले, तेव्हा आमचे मन स्वाभाविकच राहिलेल्यांकडे झुकते. तथापि परतलेल्यांना भित्रे म्हणण्यास आमची जीभ वळत नाही. हुकूम मोडण्यात जशी हिंमत असते, तशी आपले सर्वांत प्रिय काम दुसऱ्याच्या शब्दावर खाली ठेवण्यातही असू शकते. या सर्वांनी आपले सुख, आरोग्य, प्रतिष्ठा पूर्वीच देऊन टाकली होती. ते देणे त्यांनी स्वतः ठरविले होते. १९५४ साली त्यांच्याकडे जे मागितले गेले ते त्यांनी देऊ केलेले नव्हते. समर्पणाची खरी कसोटी येथेच लागते: आपण काढून ठेवलेल्या दानाला कोणी हात लावीत नाही आणि भलतेच मागतो.

आमची तक्रार वेगळी आहे. या सगळ्या निर्णयात कार्डिनलांना विचारले गेले, बिशपांना विचारले गेले, धर्मगुरूंचे म्हणणेही थोडेबहुत ऐकले गेले. ज्यांच्यासाठी हा सारा त्याग चालला होता त्या कामगारांचे मत निर्णायक ठरले नाही. मार्सेयच्या हमालाला, लिलच्या गिरणीवाल्याला, बोर्दोच्या गोदीवाल्याला हा माणूस शेजारी हवा की नको, हा प्रश्न त्या टेबलावर आलाच नाही. ज्याच्यावर प्रेम करावयाचे त्याला मत नसेल, तर त्या प्रेमात मोठेपणा असला तरी बरोबरी नसते. हा दोष एकट्या चर्चचा नाही. आमच्याही कितीतरी वाटाघाटी कामगाराच्या डोक्यावरून झाल्या आहेत.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगतो. १९५९ साली रोमहून पुन्हा पत्र आले आणि कारखान्यातील उरलेसुरले कामही बंद झाले. त्यानंतर सहा वर्षांनी, १९६५ च्या ऑक्टोबरात, पोप सहावे पॉल यांच्या संमतीने फ्रेंच बिशपांनी हा मार्ग पुन्हा उघडला; युनियनचे सभासद होता येईल, पदे मात्र घेऊ नयेत, अशी आरंभी मर्यादा होती. डिसेंबरात व्हॅटिकन परिषदेने धर्मगुरूंविषयीच्या आपल्या निवेदनात, हाताने काम करून कामगारांचे जिणे वाटून घेणाऱ्या धर्मगुरूंचाही उल्लेख केला. पुढील काळात शेकडो धर्मगुरू या वाटेने गेले. लोकांच्या लढ्यात उतरणारा धर्मगुरू आपल्यालाही अगदी अपरिचित नाही. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसईच्या चळवळीचे नेतृत्व केले आणि २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले. २०२४ साली ते गेले. त्यांची वाट कारखान्यातली नव्हती, पण लोकांच्या भांडणाच्या वेळी देवळाचे दार आतून लावून घ्यावयाचे नाही, ही शिकवण तीच.

आता या इतिहासातून आम्ही काय घेतो ते सांगतो. युनियनचा हेतू हुतात्मे तयार करण्याचा नाही. रास्त मजुरी मिळविण्यासाठी कोणाला हुतात्मा व्हावे लागू नये, हा तिचा हेतू आहे. थोड्यांच्या त्यागावर जगणारी चळवळ आळशी होते. ती त्यांच्या तसबिरी लावते आणि वर्गणी थकविते. म्हणून त्याग किती दुखला, यावरून त्याचे मोल ठरविण्याची रीत आम्हांस मान्य नाही. लिझ्यूच्या त्या मुलीने ही रीत अर्पणाच्या पातळीवरच नाकारली होती. तिला बळी होण्याची हौस नव्हती. ज्यांच्याजवळ प्रकाश नाही त्यांच्यापासून उठून जावयाचे नव्हते. कामगार-धर्मगुरूंनी तेच केले. त्यांच्या हातून किती माणसे श्रद्धेकडे वळली, याचा हिशेब रोमने मागितला असेल. आम्ही एवढेच विचारतो, की ते कोणाच्या शेजारी बसले होते.

हा प्रश्न आज आम्ही आमच्या सभासदांनाही विचारतो. आमच्या ओळखीच्या एका कारखान्यात एकाच छपराखाली, एकाच यंत्रावर, दोन प्रकारची माणसे काम करतात. एक कायम, एक कंत्राटी. कायम कामगाराला कॅन्टीनमध्ये सवलतीचे जेवण आहे. कंत्राटी कामगार भिंतीच्या सावलीला डबा सोडतो. व्यवस्थापनाने ही व्यवस्था केली, हे खरे. पण ती इतकी वर्षे टिकली ती कायम कामगारांच्या मुकाट्याने. त्यांतले पुष्कळजण मनाने चांगले आहेत. दिवाळीला कंत्राटी मुलांसाठी वर्गणी काढतात, कोणाच्या आजारपणात पैसे जमवितात. म्हणजे वाढतात, आणि मनापासून वाढतात.

गेल्या करारात काही कायम कामगारांनी आग्रह धरला, की कंत्राटी मुलांना कॅन्टीन मिळत नसेल तर आपल्या वाढीतले चार पैसे कमी झाले तरी चालतील. युनियनच्या सभेत यावर तीन तास वाद झाला. एका बाजूचे म्हणणे असे, की युनियन ही सभासदांची. बिगरसभासदासाठी सभासदाच्या खिशात हात घालण्याचा अधिकार कोणी दिला? हा मुद्दा खोटा नव्हता. शेवटी मत घेतले तेव्हा आग्रह धरणारे अकरा मतांनी हरले. पण दुसऱ्या दिवसापासून त्यांतले सातजण डबा घेऊन भिंतीच्या सावलीला जाऊन बसू लागले. कोणी भाषण केले नाही. कंत्राटी मुलांनी सरकून जागा केली. पुढच्या कराराच्या मागणीपत्रकावर कॅन्टीनची मागणी आता पहिल्या क्रमांकावर आहे आणि ती कोणी लिहिली असे विचारल्यास दोन्हीकडचे लोक एकमेकांकडे बोट दाखवितात.